टिंबाआडचा इतिहास : लॉगिनच्या उंबरठ्यावरील फाइलींची कुळकथा

#धागा

१/२४
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि मोडीतील दफ्तरे डोळ्यांपुढे येतात. आजचा धागा मात्र अशा दस्तऐवजांविषयी आहे, जे तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकावर या क्षणीही पडून आहेत. त्यांच्या नावाचा आरंभ टिंबाने होतो, म्हणून ते सहसा नजरेस पडत नाहीत. ‘.प्रोफाइल’, ‘.बॅशआरसी’, ‘.झेडएसएचआरसी’ ही त्यांतील काही नावे. साठ वर्षांचा इतिहास या चार-दोन ओळींच्या फाइलींत थरांथरांनी साचला आहे.

२/२४
आधी थोडी ओळख. टर्मिनलमध्ये आपण टंकलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा कार्यक्रम म्हणजे शेल. पहिली आज्ञा स्वीकारण्यापूर्वी शेल काही ठरावीक फाइली वाचतो. कोणते प्रोग्रॅम कुठे शोधायचे, कोणता संपादक वापरायचा, आज्ञांची टोपणनावे कोणती, हे सारे तेथे लिहिलेले असते.
कोडे पुढे आहे. लिनक्सवर एका फाइलीत लिहिलेली ओळ बिनबोभाट चालते आणि तीच ओळ त्याच नावाच्या फाइलीत मॅकवर लिहिली तर जणू कोणी वाचलीच नाही. विंडोजवर तर सारा कारभारच निराळा. असे का? याचे उत्तर तांत्रिक कमी आणि ऐतिहासिक अधिक आहे.

३/२४
काळ १९६१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी. तेथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर महिन्यात सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच अवाढव्य संगणक, पण अनेक माणसे आपापल्या टंकयंत्रापुढे बसून तो एकाच वेळी वापरू शकत. संगणकाचा वेळ वाटून घेतला जाऊ लागला, तेव्हाच एक प्रश्न जन्मला : समोर बसलेला माणूस कोण? त्याचे उत्तर म्हणून ‘लॉगिन’ ही आज्ञा आली. आपल्या कथेचा नायक हाच शब्द आहे. त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे ध्यानात ठेवून पुढे वाचा.

४/२४
या प्रणालीवर लुई पूझाँ नावाचे फ्रेंच अभियंता काम करीत होते. अनेक आज्ञा लिहून झाल्यावर त्यांच्या मनात आले की आज्ञा या विटांप्रमाणे एकावर एक रचता आल्या पाहिजेत. सुमारे १९६३-६४ मध्ये त्यांनी ‘रनकॉम’ तयार केले. ‘रन कमांड्स’ याचे हे लघुरूप. एका फाइलीत आज्ञांची यादी लिहावी आणि रनकॉमने ती क्रमाने पार पाडावी, अशी योजना.
आजच्या ‘.बॅशआरसी’ आणि ‘.झेडएसएचआरसी’ या नावांच्या शेवटी जे ‘आरसी’ आहे, ते या रनकॉमचे अवशेषरूप. मूळ प्रणाली केव्हाच अस्तंगत झाली. गाव उठून गेले तरी शिवाराचे नाव मागे राहावे, तशी ही दोन अक्षरे राहिली.

५/२४
सीटीएसएसनंतर एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही अधिक महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमाला ‘शेल’, म्हणजे कवच, हे नाव पूझाँ यांनी तिच्या आराखड्याच्या वेळी दिले. ते १९६५ मध्ये फ्रान्सला परतले आणि मल्टिक्सचा पहिला शेल प्रत्यक्ष लिहिण्याचे काम एमआयटीतील ग्लेंडा श्रोडर यांनी केले.
मल्टिक्समध्ये वापरकर्त्याच्या घरच्या डिरेक्टरीत ‘स्टार्ट_अप.ईसी’ नावाची फाइल असे. तो लॉगिन करून आत आला की त्यातील आज्ञा आपोआप पार पडत. उंबरठ्यावरच्या फाइलीचे हे एक आरंभीचे, स्पष्ट ओळखू येणारे रूप.

६/२४
बेल लॅब्जने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले आणि तेथील केन थॉम्प्सन यांनी त्याच वर्षी युनिक्सचा पाया घातला. त्या काळची साधने कशी होती? टेलिटाइप मॉडेल ३३ हे टंकयंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी. जुन्या युनिक्समध्ये चुकलेले अक्षर खोडण्यासाठी ‘#’ आणि आख्खी ओळ रद्द करण्यासाठी ‘@’ हे चिन्ह वापरावे लागे. पुढे पडद्याची टर्मिनल आली, प्रत्येकाची कळफलकाची रीत वेगळी. ‘माझी खोडण्याची कळ ही’, ‘माझे टर्मिनल अमुक जातीचे’, हे दररोज नव्याने टंकत बसणे किती जाचक होते, याची कल्पना यावरून येईल.

७/२४
जानेवारी १९७९. युनिक्सची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत स्टीफन बोर्न यांचा नवा शेल आला आणि त्याच्याबरोबर ‘.प्रोफाइल’. नियम सोपा होता : लॉगिननंतर सुरू झालेल्या शेलने घरच्या डिरेक्टरीतील ही फाइल आधी वाचावी.
पण शेलला कसे कळावे की आपण लॉगिननंतरचा पहिला शेल आहोत? युक्ती पाहा. लॉगिनचा कार्यक्रम शेलला हाक मारताना त्याच्या नावाआधी एक आडवी रेघ जोडी : ‘एसएच’ ऐवजी ‘-एसएच’. रेघ दिसली की शेल समजे, हा माणूस आत्ताच दारातून आत आला आहे. आज चार दशकांहून अधिक काळ लोटला, तरी ही खूण जशीच्या तशी वापरात आहे.

८/२४
याच सातव्या आवृत्तीत ‘एन्व्हायर्नमेंट’ ही कल्पनाही आली. तिच्यावाचून पुढचे राजकारण उलगडणार नाही. एका शेलमधून दुसरा कार्यक्रम सुरू झाला की पहिल्याने निर्यात केलेल्या चलांची एक प्रत दुसऱ्याला वारशाने मिळते. वारसा वरून खाली जातो, खालून वर मात्र जात नाही. मुलाने आपल्या प्रतीत काहीही बदलले तरी वडिलांच्या मूळ दस्तऐवजाला धक्का लागत नाही.
प्रोग्रॅम शोधण्याचा मार्ग सांगणारा ‘पाथ’ हा असाच वारसा. लिनक्सवर ‘लँग’ या चलात मराठीचे मूल्य, ‘एमआर_आयएन’, घातले, तर त्या लॉगिनखालचे कार्यक्रम उपलब्ध असेल तेथे मराठी संदेश, तारखा आणि वर्णानुक्रम वापरू लागतात.

९/२४
आता वाद सुरू होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘सी शेल’ लिहिला. तो १९७९ मध्ये बर्कलीच्या युनिक्स-संचातून बाहेर पडला. त्यात ‘अलायस’ची सोय होती. लांबलचक आज्ञेला दिलेले टोपणनाव म्हणजे अलायस. अडचण अशी की चलांप्रमाणे अलायस वारशाने मिळत नाही. प्रत्येक नव्या शेलला तो नव्याने सांगावा लागतो.
म्हणून सी शेलने फाइलींची वाटणी केली. ‘.सीएसएचआरसी’ प्रत्येक शेलने वाचायची, ‘.लॉगिन’ केवळ लॉगिनच्या शेलने वाचायची आणि निघताना ‘.लॉगआउट’. वारशाने मिळणारे एकदाच सांगा, न मिळणारे दरवेळी सांगा. आजचा सारा गोंधळ ज्या वाटणीतून निघाला, ती वाटणी मुळात इतकी सयुक्तिक होती.

१०/२४
आणि ते टिंब? त्याचीही गंमत आहे. युनिक्समध्ये प्रत्येक डिरेक्टरीत ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी असतात : पहिली म्हणजे ती डिरेक्टरी स्वतः, दुसरी म्हणजे तिच्या वरची. यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेने त्या दाखवू नयेत म्हणून कार्यक्रमात सोपी तपासणी घातली गेली : नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर वगळा. परिणामी टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल दिसेनाशी झाली.
बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली. दडलेल्या फाइली ही कोणी विचारपूर्वक आखलेली योजना नव्हती, तो एका आळशी तपासणीचा परिणाम होता, असा त्यांचा रोख. अपघाताची वहिवाट झाली आणि वहिवाटीचा कायदा झाला.

११/२४
येथे सत्तेचा प्रश्नही आहे. युनिक्सच्या नंतरच्या आवृत्त्यांत ‘/ईटीसी/प्रोफाइल’ ही सर्वांसाठीची फाइल रूढ झाली. ती व्यवस्थापकाच्या ताब्यात, तर ‘.प्रोफाइल’ वापरकर्त्याच्या. वाचण्याचा क्रम महत्त्वाचा : आधी सरकारी फाइल, मग घरची. म्हणजे व्यवस्थापक पहिला शब्द बोले, पण शेवटचा शब्द वापरकर्त्याचा असे.
लाखो डॉलर किमतीच्या, अनेकांत वाटलेल्या यंत्रावर एका सामान्य विद्यार्थ्याला कोणाचीही परवानगी न घेता स्वतःपुरता कारभार बदलता येत होता. मध्यवर्ती सत्तेखाली राहूनही आपल्या वतनात आपला शिरस्ता चालवण्याची ही मुभा होती. पुढे ‘शेवटचा शब्द कोणाचा’ हा प्रश्न पुन्हा डोके वर काढेल.

१२/२४
इतर प्रणालींनीही हाच प्रश्न सोडवला. आयबीएमच्या व्हीएम/३७० या १९७२ मधील प्रणालीच्या सीएमएस भागात ‘प्रोफाइल एक्झेक’ नावाची फाइल असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएसमध्ये व्यवस्थापकाची ‘सायलॉगिन.कॉम’ आणि वापरकर्त्याची ‘लॉगिन.कॉम’ अशी जोडी होती. क्रम तोच, आधी सार्वजनिक, मग खासगी.
व्हीएमएसने एक शहाणपणाची सोय ठेवली होती. आपल्याच फाइलीत चूक होऊन आत शिरणे अशक्य झाले, तर नाव टंकतानाच ‘/नोकमांड’ असे जोडायचे. फाइल वगळली जाई आणि दार उघडे. उंबरठ्यावर ठेवलेली वस्तू वाटच अडवू शकते, हे त्या रचनाकारांनी ओळखले होते.

१३/२४
घरगुती संगणकांचा प्रवाह वेगळा. आयबीएम पीसीवरील डॉसमध्ये लॉगिन ही कल्पनाच नव्हती. यंत्राचा मालक आणि वापरणारा एकच, मग ‘तू कोण’ हे विचारायचे कशाला? म्हणून तेथील ‘ऑटोएक्झेक.बॅट’ ही फाइल माणूस आत आल्यावर नव्हे, तर यंत्र सुरू झाल्यावर चाले. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ‘कॉन्फिग.सिस’ ही तिची जोडीदार आली.
येथे व्यवस्थापक आणि वापरकर्ता हा भेदच उरला नव्हता. सारी सत्ता एका हाती आणि चुकीची सारी किंमतही त्याच हाताला. १९९३ मधील सहाव्या आवृत्तीत यंत्र सुरू होताना एफ५ कळ दाबून या फाइली वगळता येऊ लागल्या. व्हीएमएसचे शहाणपण येथे निराळ्या वाटेने आले.

१४/२४
पुन्हा युनिक्सकडे येऊ. १९८३ मध्ये बेल लॅब्जच्या डेव्हिड कॉर्न यांनी ‘कॉर्न शेल’ जाहीर केला. बोर्नचा वारसा सांभाळायचा, पण सी शेलमधील अलायससारख्या सोयी मात्र हव्यात, अशी त्यांची भूमिका. दरवेळी वाचायच्या फाइलीला त्यांनी ठरावीक नाव दिले नाही. ‘.प्रोफाइल’मध्ये ‘ईएनव्ही’ या चलात हव्या त्या फाइलीचे नाव लिहा, शेल ती वाचेल.
म्हणजे एका फाइलीने दुसरीचा पत्ता सांगायचा. योजना लवचीक होती, पण जो पहिली फाइल वाचत नाही त्याला दुसरीचा पत्ता मिळणार कसा? हे तेव्हा फारसे टोचले नाही, कारण प्रत्येक जण लॉगिनच्या दारातूनच आत येत होता.

१५/२४
जून १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ आला. तो मुक्त होता आणि सर्व घराण्यांना सामावून घेऊ पाहत होता. लॉगिन शेल असेल तर तो आधी ‘/ईटीसी/प्रोफाइल’ वाचतो, मग ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ आणि ‘.प्रोफाइल’ या क्रमाने शोधतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. नावे पाहा : एक बोर्न घराण्याचे, एक सी शेलच्या वळणाचे.
लॉगिन नसलेला, पण माणसाशी संवाद करणारा शेल मात्र ‘.बॅशआरसी’ वाचतो. लॉगिन शेल आपणहून ती वाचत नाही. म्हणून ‘.बॅश_प्रोफाइल’मधून ‘.बॅशआरसी’ला बोलावणारी ओळ लिहिण्याचा प्रघात पडला.
आणि एक खाच. कोणी नकळत ‘.बॅश_प्रोफाइल’ निर्माण केली, तर शेजारची जुनी ‘.प्रोफाइल’ कोणतीही सूचना न देता निरुपयोगी होते.

१६/२४
दरम्यान दारच हलले. एमआयटीत १९८४ मध्ये एक्स विंडो प्रणालीचा आरंभ झाला आणि एकाच पडद्यावर अनेक टर्मिनल-खिडक्या उघडू लागल्या. माणूस एकदाच लॉगिन करी, खिडक्या मात्र दहा. म्हणून ‘एक्सटर्म’ खिडकीतला शेल मुळात लॉगिन शेल नसे; तसा हवा असेल तर वेगळे सांगावे लागे.
मग १९८८ मध्ये ‘एक्सडीएम’ आले आणि लॉगिनही चित्ररूप झाले. आता नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा कार्यक्रम शेल सुरू करीलच असे नव्हते. दारातून माणूस आत आला, पण आडव्या रेघेची ती जुनी खूण कोणालाच मिळाली नाही. ‘.प्रोफाइल’ तशीच उंबरठ्यावर पडून राहिली आणि रहदारी दुसऱ्याच दाराने सुरू झाली.

१७/२४
१९९० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी पॉल फॉलस्टॅड यांनी ‘झेड शेल’ लिहिला. तेथील अध्यापन साहाय्यक झोंग शाओ यांचे लॉगिन-नाव ‘झेडएसएच’ होते. ते शेलला शोभेल असे वाटून त्यांनी घेतले.
या शेलने वादात निवाडा दिला नाही, सर्वांनाच जागा दिली. ‘.झेडएसएचईएनव्ही’ प्रत्येक वेळी, ‘.झेडप्रोफाइल’ लॉगिनला, ‘.झेडएसएचआरसी’ संवादाच्या वेळी, त्यानंतर ‘.झेडलॉगिन’ पुन्हा लॉगिनला. लॉगिनसाठी दोन फाइली कशासाठी? कॉर्न शेलच्या वळणाच्या लोकांना आपली फाइल आधी हवी, सी शेलवाल्यांना नंतर. दोन्ही घराण्यांचा मान राखण्यासाठी दोन पाट मांडले गेले.

१८/२४
आता आपल्या कोड्याकडे वळू. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनच्या पायाशी युनिक्स होते. त्याचा आरंभीचा शेल ‘टीसी शेल’, म्हणजे सी शेलचा वंशज. २००३ मध्ये पँथर आवृत्तीने बॅश स्वीकारला. २०१९ मध्ये कॅटलिना आवृत्तीने झेड शेल. अठरा वर्षांत तीन राजवटी. आणि प्रत्येक वेळी वापरकर्त्यांना आपला जमाखर्च नव्या वहीत उतरवावा लागला.
मुख्य मुद्दा असा : मॅकचे टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडते. कारण सयुक्तिक आहे. मॅकवरील चित्ररूप लॉगिन शेलमधून जात नाही, तेव्हा वारसा देणारा पूर्वज-शेल कोणी नसतोच. लिनक्सवर मात्र बहुतेक खिडक्या लॉगिन शेल उघडत नाहीत.
म्हणूनच केवळ ‘.बॅशआरसी’त लिहिलेली ओळ लिनक्सवर चाले आणि मॅकच्या बॅशमध्ये मुकी राही.

१९/२४
‘शेवटचा शब्द कोणाचा’ हा प्रश्न येथे परततो. मॅकवर ‘पाथ हेल्पर’ नावाचा एक साधन-कार्यक्रम आहे. झेड शेलच्या राजवटीत तो व्यवस्थापकीय ‘/ईटीसी/झेडप्रोफाइल’मधून चालतो आणि पाथची फेररचना करतो : प्रणालीच्या डिरेक्टऱ्या पुढे, उरलेल्या मागे.
समजा, तुम्ही तुमचा मार्ग ‘.झेडएसएचईएनव्ही’त लिहिला. ती फाइल या फेररचनेच्या आधी वाचली जाते. परिणाम असा की तुम्ही अग्रभागी ठेवलेली डिरेक्टरी मागे ढकलली जाते आणि तुम्ही बसवलेल्या नव्या आवृत्तीऐवजी प्रणालीची जुनी आवृत्ती चालू लागते. तीच ओळ ‘.झेडप्रोफाइल’ अथवा ‘.झेडएसएचआरसी’त हलवा, शेवटचा शब्द पुन्हा तुमचा होतो. शब्द बदलत नाहीत, बोलण्याची पाळी बदलते.

२०/२४
चुकीच्या जागी बोलण्याचे परिणाम गमतीचे नसतात. बॅशची एक खासियत आहे : दुरून, एसएसएचमार्फत, केवळ एखादी आज्ञा पाठवली गेली तरी तो ‘.बॅशआरसी’ वाचतो. कोणी हौसेने त्या फाइलीत ‘सुस्वागतम्’ छापणारी ओळ लिहिली, तर फाइली नेणाऱ्या-आणणाऱ्या कार्यक्रमाला अपेक्षित उत्तराऐवजी ते स्वागत ऐकू येते आणि फाइलींची ने-आण कोलमडते.
म्हणूनच डेबियन आणि उबुंटू यांच्यासोबत येणाऱ्या ‘.बॅशआरसी’च्या आरंभीच विचारणा असते : समोर माणूस आहे का? नसेल तर येथूनच मागे फिर. वाचणारा माणूस आहे की यंत्र, हा प्रश्न १९७९ मध्ये इतका निकडीचा नव्हता. आज तो पहिल्या ओळींत विचारावा लागतो.

२१/२४
आणखी एक बाजू विश्वासाची. या फाइली निमूटपणे, दरवेळी आणि वापरकर्त्याच्या पूर्ण अधिकाराने चालतात. त्यामुळे घुसखोराने त्यात एक ओळ घातली की पुढच्या प्रत्येक लॉगिनला मालक स्वतःच्या हाताने त्याचे काम करतो. टिंबाआडची अदृश्यता येथे त्याच्या पथ्यावर पडते.
वारशाचेही तसेच. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ‘शेलशॉक’ दोष जाहीर झाला. तो स्तेफान शाझला यांनी शोधला होता. बॅश सुरू होताना एन्व्हायर्नमेंटमधून आलेली फंक्शने स्वीकारी, पण त्यांच्या शेपटीला बांधलेल्या आज्ञाही पार पाडी. १९८९ पासून, म्हणजे पाव शतक, तो दोष तसाच होता. वेब-सर्व्हर बाहेरून आलेला मजकूर त्याच वारशात घालत, म्हणून अनोळखी माणूसही दुरून आज्ञा देऊ शकत होता. मूळ गृहीतक असे की वारसा घरातूनच येतो. घराला रस्ता जोडला गेला आणि गृहीतक मोडले.

२२/२४
हा धडा घेऊनच जणू मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवरशेल’ नोव्हेंबर २००६ मध्ये आले. त्यातही प्रोफाइल आहे, तेही चार प्रकारचे : सर्व वापरकर्त्यांसाठी की एकासाठी, सर्व यजमान-कार्यक्रमांसाठी की एकासाठी. कोणती फाइल वाचली जाईल हे आठवत बसायला नको, ‘$प्रोफाइल’ हे चलच तिचा पत्ता सांगते.
परंतु विंडोजच्या घरगुती यंत्रांवर विंडोज पॉवरशेलचे मूळ धोरण असे की कोणतीही स्क्रिप्ट चालवायची नाही, स्वतःचे प्रोफाइलसुद्धा नाही. आधी धोरण सैल करा, मग फाइल वाचली जाईल. युनिक्सने १९७९ मध्ये घरच्या फाइलीवर निःशंक विश्वास टाकला होता. सत्तावीस वर्षांनी आलेल्या शेलने दारावर पहारेकरी बसवला. दोन्ही निर्णय आपापल्या काळाला धरून आहेत.

२३/२४
आता प्रत्यक्ष साधन पाहा. टर्मिनल उघडून ‘इको $०’ विचारा. नावाआधी आडवी रेघ दिसली, तर १९७९ ची ती खूण तुमच्यासमोर आहे आणि तुमचा शेल लॉगिन शेल आहे. मग ‘एलएस -ए’ने घरच्या डिरेक्टरीतील टिंबाआडच्या फाइली पाहा. कोणत्या ओळी तुम्ही लिहिल्या, कोणत्या एखाद्या इन्स्टॉलरने, हे ओळखण्याचा प्रयत्न करा.
बदल करणार असाल तर तीन पथ्ये. वारशाने जाणारे चल लॉगिनच्या फाइलीत, अलायस आरसी फाइलीत. बदल तपासताना एक जुनी खिडकी उघडी ठेवा. आणि दार अडलेच तर बॅशला ‘--नोप्रोफाइल --नोआरसी’ आणि झेड शेलला ‘-एफ’ देऊन फाइली वगळता येतात. व्हीएमएसच्या ‘/नोकमांड’ची ही भावंडे.

२४/२४
सारांश असा. या फाइलींचे नियम विक्षिप्त वाटतात, कारण ते एका वेळी कोणी ठरवलेले नाहीत. ‘आत कोण आले आणि केव्हा आले’ या एकाच प्रश्नाला प्रत्येक पिढीने आपल्या यंत्रानुसार उत्तर दिले. टंकयंत्रापुढे बसणे म्हणजे लॉगिन होते; मग खिडकी उघडणे हे लॉगिन आहे का, दुरून आलेली आज्ञा हे लॉगिन आहे का, असे प्रश्न उठले. जुने उत्तर पुसण्याची सोय नव्हती, कारण कोणाचे तरी रोजचे काम त्यावर चालू होते. म्हणून नवे उत्तर शेजारी लिहिले गेले.
इतिहासात संस्था अशाच टिकतात. कारण सरते, शिरस्ता उरतो. तो निरर्थक म्हणून धुडकावण्यापूर्वी, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता हे विचारावे. आणि तो प्रश्न आज उरला नसेल, तर शिरस्ता खुशाल बदलावा. घरच्या फाइलीत तेवढा अधिकार तुम्हांला अजूनही आहे.

लेखनसीमा.